आईच्या फोनमधलं दार

कुलपांच्या दुकानाच्या मागच्या भागात तीन दारं उभी होती. भिंत नाही, खोली नाही. नुसत्या चौकटी, त्यांत एकेक दार, आणि दारांमागे रिकामी खोकी रचलेली. ऑपरेटरबाईंना हसू आलं. पलीकडे जायचं तर दार उघडायची गरजच नव्हती, बाजूने वळसा घातला की झालं. "एवढाली कुलपं, आणि राखायचं काय तर पुठ्ठा," त्या लेकीच्या कानाशी म्हणाल्या. लेक हसली नाही. ती पहिल्या दारापुढे उभी राहून कुलपाकडे असं बघत होती, जसं एखादं गिऱ्हाईक आपल्याला फसवणार हे आधीच ठरवून दुकानदाराकडे बघतं.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर जन्म काढून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघे. एरवी शल्यचिकित्सकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या ऑपरेटरबाईच होत्या. त्यांचं एक ठाम मत होतं. जगातली निम्मी भांडणं माणसं वाईट असतात म्हणून होत नाहीत, लाइन तुटते म्हणून होतात. दोघांना एकमेकांशी बोलायला लावा, पुढचं आपोआप होतं. रुसलेले डॉक्टर, अबोला धरलेले भाऊ, मुलाचं तोंड न बघणारे बाप असे कितीतरी जण त्यांनी जोडून दिले होते. कधी विचारून, कधी न विचारता. कुणी आभार मानले, कुणी वर तक्रार केली. बाईंनी आभार तेवढे लक्षात ठेवले.

लेकीला घरात बिट्टी म्हणत. ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. नुकतीच ती नवऱ्याचं घर सोडून, एका बॅगेनिशी, तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली होती. का, तर "नाही जमत, आई." यापलीकडे तिनं तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी मनाशी म्हटलं, न जमायला काय झालं, घरोघरी मातीच्या चुली. आमचंही जमत नव्हतंच की, म्हणून काय कुणी कुलपं शोधत हिंडलं?

विक्रेता उत्साही होता. त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की आवरायचं बटण बहुधा कंपनीनं दिलं नव्हतं. पहिलं कुलूप म्हणजे आरामच आराम, तो म्हणाला. फोन खिशात ठेवून नुसतं जवळ यायचं, ते आपसूक उघडतं. दोन्ही हातांत पिशव्या असोत की पाऊस असो, कशाला हात लावायला नको. बिट्टीनं विचारलं, फोन माझा, पण खिसा दुसऱ्याचा असला तर? विक्रेता म्हणाला, तरी उघडेल, कुलपाच्या लेखी फोन म्हणजेच तुम्ही. बिट्टी लगेच दुसऱ्या दाराकडे सरकली.

दुसऱ्याला आकडे होते. आपल्या मनाचा कोड टाकायचा, किंवा फोनवरून उघडायचं. वर कॅमेरा, खाली एका झाकणाआड किल्लीचं छिद्र, अडीअडचणीला असावं म्हणून. कोड विसरला तर? ईमेलवर नवा येतो. आणि ईमेल आणखी कुणाला माहीत असेल तर? कुणाला माहीत असणार, मॅडम, असं विक्रेत्यानं हसून विचारलं. बिट्टीनं ते झाकण बोटानं वर केलं, छिद्र बघितलं, आणि त्या किल्लीची दुसरी किल्ली बनवता येते का ते विचारलं. विक्रेता प्रामाणिक निघाला. दुसरी बनवता येत नाही अशी किल्ली अजून कुणी घडवलेली नाही, तो म्हणाला.

बाईंना आता अवघडल्यासारखं व्हायला लागलं. शेजारी एक जोडपं उभं होतं, ते कुलपाचा रंग दाराला शोभेल का यावर गोड वाद घालत होतं. जगात माणसं कुलूप अशी घेतात. आपली मुलगी मात्र विक्रेत्याची उलटतपासणी घेत होती. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं हे बाईंना ठाऊक होतं. पण ही तर पाणीही फुंकत होती, आणि तोंड नेमकं कधी पोळलं ते सांगत नव्हती.

तिसऱ्या कुलपाला बाहेरून काहीच नव्हतं. छिद्र नाही, आकडे नाहीत. अंगठा टेकवायला एक काळी चकती, बस्स. याचा मालक एकच, विक्रेता म्हणाला, आणि मालकाचा फोनही एकच. मालक ज्याला परवानगी देईल त्याचंच बोट चालणार. नाव काढलं की बोट बाद. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, दार बाहेरून उघडलं की आतून, सगळं मालकाला तिथल्या तिथे कळणार. आणि मालक पृथ्वीच्या पाठीवर कुठेही असला तरी बसल्या जागी दार उघडू शकणार.

बिट्टीनं चकतीवर हात फिरवला. मग तिनं विचारलं, "झोपेत कुणी माझं बोट माझ्या फोनला लावलं, तर फोन उघडेल ना?"

विक्रेता हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. त्यानं बिट्टीकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई खोक्यांकडे बघत होत्या. तो हळू आवाजात म्हणाला, उघडेल. मग मालकाचा फोन तुमचा नको, मॅडम, असंही तोच म्हणाला.

"आईचा," बिट्टी म्हणाली. "मालक आई."

घरी येताना तिनं काय ते एकदाच सांगितलं. नंबर बदलला, पासवर्ड बदलले, तरी आपण कुठे गेलो, कुणाशी बोललो, हे नवऱ्याला संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. "माझ्या फोनमध्ये तो बसलाय, आई. तुझ्या फोनमध्ये नाहीये." मी सांगितल्याशिवाय दार कुणालाही उघडायचं नाही, कुणालाही म्हणजे नळ दुरुस्त करणाऱ्यालाही नाही, असं तिनं आईकडून कबूल करून घेतलं. बाईंनी कबूल केलं, अगदी मनापासून. लेकीनं एवढ्या मोठ्या जगात आपलाच फोन निवडला याचा त्यांना अभिमान वाटला. आणि त्याच वेळी मनाच्या दुसऱ्या खणात त्या म्हणत होत्या, नवरा बायकोची खबरबात ठेवतो, त्याला ही पोर 'बसलाय' म्हणते.

कारण जावई बाईंना आवडत होते. नुसते आवडत नव्हते, त्या त्यांच्या उपकाराखाली होत्या. जावई आखडलेले सांधे मोकळे करणारे, व्यायामोपचाराचे डॉक्टर. बाईंचा उजवा खांदा एकदा असा आखडला होता की वेणी घालता येईना. तेव्हा जावयांनी रोज येऊन, एक पैसाही न घेता, तो खांदा पूर्ववत केला होता. कुठे दाबलं की कळ जाते हे त्यांना नेमकं माहीत आहे, असं बाई जिला तिला सांगत. एकदा बिट्टीपुढेही म्हणाल्या होत्या. बिट्टी म्हणाली होती, हो, आणि कुठे दाबलं की कळ येते तेही. बाई मनमुराद हसल्या होत्या. ते हसणं पुढे त्यांच्या घशात कायमचं अडकलं.

कुलूप बसलं. बाईंच्या फोनमध्ये एक छोटं दार आलं. संध्याकाळी दिवेलागणीला फोन गुणगुणायचा, आणि पडद्यावर यायचं, बिट्टीनं दार उघडलं. मग, दार बंद झालं. सकाळी, दार आतून उघडलं, दार बंद झालं. बाईंना त्याची गोडी लागली. लहानपणी पोर शाळेतून आली की चपला फेकल्याचा आवाज यायचा, तसंच हे. त्या निवांत झोपू लागल्या. पोर एकटी आहे हे दुःख होतंच, पण पोर आत आहे, दार लागलेलं आहे, हे त्यांना आपल्या अंथरुणातून कळत होतं.

मग दुपारचे जावयांचे फोन सुरू झाले. पहिल्यांदा नुसती चौकशी. दुसऱ्यांदा, ती जेवते ना वेळेवर? बाई आवाजाच्या बाबतीत स्वतःला पोचलेली समजत. नुसत्या 'हॅलो'वरून त्या सांगत, हा माणूस रडून आलाय, हा खोटं बोलणार, हिचं माणूस गेलंय आणि हिला अजून माहीत नाही. जावयांचा आवाज त्यांनी असा चहूबाजूंनी ठोकून बघितला. तो कुठेच पोकळ वाजला नाही. त्यात पश्चात्ताप होता, थकवा होता, आणि दोष एकही नव्हता. बिट्टीविरुद्ध त्यांनी अक्षर काढलं नाही. माझंच चुकलं, आई, मला बोलता येत नाही नीट, म्हणाले. बाईंच्या मनात आलं, बघा, लाइनच तुटलीय.

बिट्टी एकदा राहायला आली तेव्हा त्यांनी तिला जावयांशी बोलायचं सुचवून बघितलं. बिट्टीनं जेवता जेवता ताट बाजूला केलं आणि त्या रात्री ती आईकडे राहिली नाही. पुन्हा तो विषय काढला तर मी इथे येणार नाही, एवढं मात्र शांतपणे सांगून गेली. बाईंना राग आला. आईच्या मायेला असं कुणी धमकावतं का? आणि रागाच्या भरात माणूस जे करतं, ते त्याला स्वतःला प्रेमच वाटत असतं.

खोक्याची गोष्ट जावयांनी काढली. बिट्टीच्या थोड्या वस्तू घरी राहिल्या होत्या. तिची प्रमाणपत्रं, तिची जुनी भिंगं, आणि तिच्या वडिलांचा तो काचेच्या चौकटीतला फोटो. बाई म्हणाल्या, कुरियरनं पाठवून द्या. जावई म्हणाले,

"काच आहे, आई. बाबांचा फोटो फुटून पोचला तर तिला ते कायमचं लागून राहील."

बाईंचे डोळे भरून आले. पुढचं सगळं जावयांनी असं मांडलं की नाही म्हणायला जागाच उरू नये. ती घरी नसतानाच जायचं, म्हणजे तिला त्रास नको. चिठ्ठीसुद्धा ठेवायची नाही. खोकं दाराच्या आत ठेवायचं, पाऊल मागे घ्यायचं, संपलं. बाहेर ठेवलं तर कुणी उचलून नेईल. आणि तिला सांगायचंही नाही, तुम्हीच आणून ठेवलंत म्हणा. तिचं मन निवळेल तेव्हा निवळेल. बाईंनी मजला आणि दार सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, आपण पुन्हा एक्स्चेंजच्या बोर्डावर बसलो आहोत, एका बाजूला ही वायर, एका बाजूला ती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जावयांचा फोन आला. ते जिना चढत होते. बुटांचा आवाज येत होता, खोकं कुठेतरी कठड्याला घासलं. "आलो, आई," ते म्हणाले. बाईंनी चष्मा लावला, छोट्या दारावर बोट ठेवलं. वर्तुळ फिरलं. कुलपाचा खटका त्यांना जावयांच्या फोनमधून ऐकू आला, आणि लगेच पडद्यावर आलं, मालकानं दार उघडलं. मालक म्हणजे आपण, हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. जावई म्हणाले, तुमचे उपकार विसरणार नाही, आणि त्यांनी फोन ठेवला.

पडद्यावर आलं, दार बंद झालं.

बाईंना हलकं वाटलं. त्यांनी चहा टाकला. वडिलांचा फोटो बघून बिट्टी काय म्हणेल, आपण तो आणला असं सांगताना आपला चेहरा आपल्याला दगा तर देणार नाही ना, असले विचार त्या करत होत्या. चहा गाळून झाला. पिऊन झाला. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की फोन पुन्हा गुणगुणलेला नाही.

दार बंद झालं, हा शेवटचा मजकूर. आतून उघडलं, हा नाहीच.

माणूस आधी यंत्राला दोष देतं. बाईंनीही दिला. नेट मंद असेल. नाहीतर जावयांनी दार नुसतं किलकिलं करून खोकं आत सरकवलं असेल आणि पाय आत टाकलाच नसेल. मग आतून उघडायचा प्रश्न येतो कुठे? हे पटण्यासारखं होतं. बाईंनी ते पटवून घेतलं, कप विसळला, कप दोनदा विसळला, आणि मग जावयांना फोन लावला.

"निघालात का?"

"केव्हाच, आई. गाडीत आहे. सिग्नलला."

आवाज तोच होता, मऊ, दमलेला. पण बाईंचा कान आता त्या आवाजाच्या मागे गेला. उभ्या आयुष्यात त्यांनी रस्त्यावरून आलेले फोन ऐकले होते, वॉर्डातून, कँटीनमधून, शवागारातून आलेले ऐकले होते. कुठलं ठिकाण कसं वाजतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. हा रस्ता नव्हता. हॉर्न नाही, इंजिन नाही, वारा नाही. ही बंद खोली होती, आणि माणूस भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाऊ नये इतपतच बोलत होता. आणि त्याच्या मागे एक घरघर चालली होती. मध्येच अडखळणारी, पुन्हा सुरू होणारी. बिट्टीच्या स्वयंपाकघरातल्या त्या भाड्याच्या म्हाताऱ्या फ्रिजची घरघर, जी बाई रोज संध्याकाळी लेकीशी बोलताना ऐकत होत्या.

"बरं," बाई म्हणाल्या. "सांभाळून जा."

त्यांनी फोन ठेवला. दुकानातले सगळे प्रश्न त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. खिसा दुसऱ्याचा असला तर. ईमेल आणखी कुणाला माहीत असेल तर. झोपेत कुणी माझं बोट. ते प्रश्न नव्हतेच. ती पोर भर दुकानात, अनोळखी माणसापुढे, आपल्यावर काय काय बेतलंय ते एकेक करून सांगत होती, आणि शेजारी उभी असलेली आई खोकी मोजत होती.

बाईंनी बिट्टीला फोन लावला. वाजत राहिला. दुकानातून घरी येताना ती फोन पिशवीत तळाशी टाकते, रस्त्यात हातात धरत नाही. पुन्हा लावला. वाजत राहिला. चष्म्याच्या दुकानात लावला. मॅडम निघाल्या, उत्तर आलं, मघाशीच निघाल्या. खिडकीबाहेर उजेड पिवळा पडायला लागला होता. ही तिची घरी पोचायची वेळ.

पोलिसांना सांगून ते पोचेपर्यंत ती पोचणार. आपण धावलो तरी शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. तो आत बसलाय. दार बाहेरून कितीही बंद करा, त्याला आतून मूठ फिरवली की झालं. बाहेर ठेवता येईल ते लेकीलाच, त्याला कोंडता येणार नाही. बाईंनी छोटं दार उघडलं. पडदा भलतंच काहीतरी दाखवत होता. शेवटी ती जागा सापडली जिथे नावं होती. दोनच. मालक. बिट्टी.

त्यांनी बिट्टीच्या नावावर बोट ठेवलं. फोननं विचारलं, काढायचं? सभ्यपणे विचारलं, दुकानातल्या त्या विक्रेत्यासारखं. बाईंनी होय म्हटलं.

पुन्हा बिट्टीला लावणार तोच फोन वाजला.

"आई, बोट घेत नाहीये," बिट्टी म्हणाली. तिला दम लागला होता, आवाजात दिवसभराचा थकवा आणि थोडी चिडचिड. "बॅटरी गेली का? तुझ्याकडून उघड ना जरा."

"दारापासून मागे हो," बाई म्हणाल्या. हॉस्पिटलात मध्यरात्री आग लागली होती तेव्हा त्या ज्या आवाजात बोलल्या होत्या, तो आवाज कुठून तरी परत आला. "काही बोलू नकोस. तो आत आहे. जिना उतर."

अगदी हळू, श्वासावर, बिट्टीनं विचारलं, "दार कुणी उघडलं?"

"मी."

त्या एका शब्दानंतर जे थोडं थांबणं झालं, ते बाई मरेपर्यंत विसरणार नव्हत्या. मग पावलं सुरू झाली. आणि त्याच वेळी कानाशी धरलेला फोन गुणगुणला. बाईंनी तो खाली घेतला. बोलत्या फोनच्या वर, पडद्याच्या माथ्यावर, ओळ आली होती. दार आतून उघडलं.

"पळ, बाळा," बाई म्हणाल्या. "पळ."

जिन्यात पावलांचे दोन आवाज होते. एक धावणारा. दुसरा धावत नव्हता. सावकाश, एकेक पायरी, घाई नसलेल्या माणसासारखा येत होता. "अगं, थांब ना," असं तो म्हणाला. तोच मऊ आवाज. "पडशील." मग रस्ता आला. हॉर्न आले, माणसं आली, कुणाचा तरी धक्का लागल्याचा आवाज आला. बाईंना रस्त्याचा गोंगाट इतका गोड कधी वाटला नव्हता. बऱ्याच वेळानं बिट्टीचा आवाज आला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात आहे, माणसं आहेत इथे, एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

चौकीवरचा पोलीस अधिकारी वाईट नव्हता. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्यानं विचारलं, दार तोडलंय? नाही. कुलूप फोडलंय? नाही. उघडलं कुणी? मालकानं. मालक कोण? बाई म्हणाल्या, मी. मग घुसला कसं म्हणायचं, बाई, तो म्हणाला, आणि पेन खाली ठेवलं. जावयानं त्याला आधीच सगळं शांतपणे सांगितलं होतं. सासूबाईंच्या परवानगीनं वस्तू पोचवायला गेलो होतो, बायकोची गाठ पडेल म्हणून थोडा थांबलो, ती का पळाली कळत नाही, हल्ली तिची तब्येत बरी नसते. त्यातलं खोटं काढायला गेलं तर हाताला लागत नव्हतं. कुंपणानं शेत खाल्लं तर फिर्याद कुणावर करायची, असा तो पेच होता, आणि कुंपण खुर्चीवर बसून पाणी पीत होतं.

त्या दोन खोल्या बाईंनीच उघडल्या, दुसरं कुणाचं बोट चालत नव्हतं. पोलीस दाराशी थांबला, बाई आत गेल्या. आत अंधार होता. बटण दाबलं तरी अंधारच. पोलिसानं विजेरी लावली. दारापासून चार पावलांवर, दाराकडे तोंड करून, स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली होती. वरचा बल्ब काढलेला होता. तो फोडला नव्हता. बिट्टीच्या रुमालात नीट गुंडाळून फडताळात ठेवला होता, हात लागून पडू नये असा आतल्या बाजूला. खोकं भिंतीशी होतं, चिकटपट्टीसकट. पोलिसानं आत येऊन ते फाडलं. आत वर्तमानपत्रं होती, घडी घातलेली, एकावर एक. फोटो नव्हता. भिंगं नव्हती. बाई त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

बिट्टी तिकडे परतलीच नाही. काही दिवसांनी एका अनोळखी नंबरावरून तिचा फोन आला. बरी आहे, काम मिळतंय, काळजी करू नकोस. बाईंनी विचारलं, कुठे आहेस? बिट्टीनं, जेवलीस का, असं उलट विचारलं. मला नाही सांगणार का, बाईंनी विचारलं.

"तुला नाही सांगणार," बिट्टी म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तुझ्यावर माया नाही म्हणून नव्हे, आई. तुला कुणी गोड बोलून विचारलं ना, तर तू सांगशील."

बाईंनी शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. शब्द त्यांनी एकदा दिलेलाच होता. त्या फोन धरून रडत राहिल्या आणि बिट्टीनं त्यांना रडू दिलं, मग हळूच फोन ठेवला. तो नंबर पुन्हा लावून बघितला तेव्हा बंद होता.

त्यानंतरची एक दुपार. बाई आडव्या झाल्या होत्या, फोन उशाशी. तो वाजला, आणि जावयांचं नाव बघून त्या उठून बसल्या. उचलावा की नाही असं झालं. पण न उचललेला फोन म्हणजे काय, तर तो दुसरीकडे कुठेतरी शोधत असणार. इथे बोलत असेल तोवर तो इथे आहे. त्यांनी उचलला.

"कशा आहात, आई?" तोच मऊपणा. मग थोडं थांबून, "ती कुठे आहे?"

बाई ऐकत होत्या, आवाजाच्या मागचं. कुठलीशी जागा घुमत होती. दूर कुणीतरी बादली ठेवली. कुत्रं दोनदा भुंकलं. आणि तेच कुत्रं, त्याच दोन वेळा, बाईंच्या खिडकीतून ऐकू आलं.

"आई," तो म्हणाला, आणि या खेपेला शब्द दोन ठिकाणांहून आला, फोनमधून आणि दारापलीकडून. "मी बाहेरच उभा आहे. दार उघडा. समोरासमोर बोलू, म्हणजे गैरसमज राहणार नाही."

बाई दारापाशी गेल्या. त्यांनी कडी बघितली, ती लागलेली होती. त्यांनी हात कडीवर ठेवला, उघडायला नव्हे, धरून ठेवायला. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं आणि त्यांना सांगता आलं नाही असं झालं नव्हतं. आज पलीकडचा माणूस त्यांचा आवाज ठोकून बघणार होता, चहूबाजूंनी, जसा त्यांनी त्याचा बघितला होता. आणि त्यात लपवलेलं काही असतं तर ते त्याला सापडलंच असतं. लेकीनं आपल्याला काय दिलंय ते बाईंना तेव्हा कळलं, आणि त्यांचं काळीज लेकीसाठी तुटलं.

"माहीत नाही," त्या दाराला तोंड लावून म्हणाल्या. "मला तिनं सांगितलेलं नाही."

तो पलीकडे कान देऊन उभा होता. बाईही उभ्या राहिल्या.

"पण कधीतरी सांगेलच ना," शेवटी तो म्हणाला, आणि पायरीवर बसल्याचा आवाज आला. "मी थांबतो."